पगारी निर्मात्याचे मोल
१९६३ साली जॉर्ज मार्टिन यांनी निर्मिलेल्या ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये ३७ आठवडे अग्रस्थानी होत्या. मार्टिन मात्र ई.एम.आय. कंपनीच्या ठरीव पगारावरच. इतरांनी नाकारलेल्या ‘बीटल्स’ना १९६२ मध्ये संधी देणारे हेच गृहस्थ. पुढे ‘येस्टरडे’ला तंतुवाद्य-चतुष्टयाची साथ सुचविली तीही त्यांनीच. तरी विक्रीत हिस्सा देणे कंपनीला जरूर वाटले नाही. हा कद्रूपणाच म्हणायचा, आणि व्यापारदृष्ट्याही तो शहाणपणाचा नव्हता. सहा ग्रॅमी पुरस्कार व ‘सर’ हा किताब (१९९६) मिळविणाऱ्या या निर्मात्याने १९६५ मध्ये नोकरी सोडून तीन सहकाऱ्यांसह ‘एअर’ ही स्वतंत्र संस्था काढली. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणासाठी कंपनीला त्यांनाच पाचारण करावे लागले. या वेळी रॉयल्टी देऊन.