शॉर्टलिस्टचे पेढे

माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळची गोष्ट. कंपनीचा मेल आला, ‘यू हॅव बीन शॉर्टलिस्टेड.’ मी लगेच साताऱ्याला फोन लावला, ‘आई, शॉर्टलिस्ट झालो!’ ती म्हणाली, ‘लिस्टमध्ये नाव आलं ना? मग झालं तर!’ संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत कंदी पेढे वाटून झाले. पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू झाला आणि मी बाहेर! आईला ते सांगायचा धीर व्हायला मला चार दिवस लागले.

चूक तिची नव्हती. आपल्याकडे लिस्ट म्हणजे मेरिट लिस्ट. नाव लागलं की विषय संपला. शॉर्टलिस्टचं गणित नेमकं उलटं. आलेले सगळे अर्ज चाळून पाच-सहा नावं बाजूला काढायची, ती शॉर्टलिस्ट. त्यातलीही बहुतेक पुढे गळणारच असतात. खरी निवड त्यानंतर.

बुकर पारितोषिकाचंच बघा ना. आधी लाँगलिस्ट, मग सहा पुस्तकांची शॉर्टलिस्ट, मग विजेता. अनिता देसाई १९८०, १९८४ आणि १९९९ अशा तीन वेळा शॉर्टलिस्टवर होत्या, पण बुकर एकदाही मिळालं नाही. ते घरात आणलं त्यांच्या मुलीनं, किरण देसाईंनी, २००६ मध्ये. २०२५ मध्ये किरण पुन्हा शॉर्टलिस्टवर आल्या, तेव्हा मात्र बुकर डेव्हिड सॉलॉय यांना मिळालं. म्हणजे शॉर्टलिस्टवर येणं हा मान आहेच, पण तो विजय नाही.

आता वापराचं. हा शब्द नाम म्हणून चालतो आणि क्रियापद म्हणूनही. नाव ‘ऑन द शॉर्टलिस्ट’ असतं. इथे ‘इन’पेक्षा ‘ऑन’च रूढ आहे. उमेदवार ‘शॉर्टलिस्टेड फॉर द पोस्ट’ असतो. ‘सिलेक्टेड’ हा त्याचा समानार्थी शब्द नाही, हे सीव्ही लिहितानाही लक्षात ठेवा. आणि हो, लग्नाच्या साइटवर कुणी तुम्हाला शॉर्टलिस्ट केलं, तर लगेच हॉल बुक करू नका!

हल्ली मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो. उमेदवारांना मेल पाठवताना शेवटी एक ओळ मुद्दाम घालतो, ‘ही अंतिम निवड नाही.’ सहकारी हसतात. हसू देत. कुठल्या तरी गावात कुणाची तरी आई पेढे आणायला आठवडाभर थांबेल, एवढं मला पुरे.