यंत्राच्या पाटीवर हादऱ्याचा आकडा का नाही?



डवरणीच्या दिवसांत गावोगाव फिरताना एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसते. दिवसभर पॉवर विडर चालवून आलेला गडी जेवायला बसतो आणि त्याला भाकरीचा तुकडा नीट मोडता येत नाही. हात बधिर, बोटांत मुंग्या. घरचे म्हणतात, सवय नाही, होईल. दुसऱ्या वर्षी मुंग्या रात्रीही येतात. तिसऱ्या वर्षी सकाळी सदऱ्याचे बटन लागत नाही. एकराच्या भावाने दुसऱ्यांची वावरे डवरून देणारा पंचविशीतला एक पोरगा आम्हाला म्हणाला, "भाऊ, मशीन बंद केली तरी हातात चालूच राह्यते." डॉक्टरने त्याला मानेचा एक्स-रे काढायला लावला आणि ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. कोणते यंत्र चालवतोस आणि किती तास, एवढे मात्र विचारले नाही.

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो. शहरात बसून बैलांचे गोडवे गाणाऱ्यांनी एक हंगाम बैलजोडी पोसून दाखवावी. जोडीची किंमत, कडब्याचा भाव, सालगड्याचा पगार आणि ऐन निंदणीत न मिळणारी मजुरी, हे सगळे ज्याच्या उरावर बसते तोच टिलर घेतो. हौस म्हणून कोणी घेत नाही. आमच्याच बैठकांतून आम्ही "यंत्र घ्या" म्हणून सांगत आलो. त्यामुळे आज बोलण्याची जबाबदारीही आमचीच आहे.

हादरा येतो कुठून? या यंत्राला एकच सिलिंडर असते. मिनिटाला तीन हजार फेरे, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा आतला दट्ट्या खाली-वर होतो. फिरणाऱ्या भागांचा तोल वजन लावून साधता येतो. खाली-वर होणाऱ्या दट्ट्याचा तोल एका सिलिंडरच्या इंजिनात वेगळा तोलदंड बसवल्याशिवाय पुरता साधत नाही. उरलेला धक्का सांगाड्यात उतरतो, सांगाड्यातून लांब दांड्यात आणि दांड्यातून मुठीत. दांड्याची स्वतःची थरथर इंजिनाच्या ठोक्याशी जुळली तर मुठीतला हादरा कित्येक पट वाढतो. त्यात आपली जमीन. बागेच्या भुसभुशीत वाफ्यात चालणारे यंत्र आपण सुकलेल्या काळ्या रानात घालतो. ढेकूळ, दगड, गेल्या वर्षीच्या पऱ्हाटीची धसकटे, प्रत्येकावर पाते आपटते आणि यंत्र उड्या मारते. ते आवरायला गडी मूठ आणखी घट्ट आवळतो, आणि मूठ जितकी घट्ट तितका हादरा हातात जास्त शिरतो. बायकांसाठी म्हणून हलके यंत्र काढतात त्याचीही गत तीच. इंजिन तेवढेच आणि सांगाडा हलका केला, तर हादरा वाढेल की कमी होईल?

हे आम्हाला कॉलेजात कोणी शिकवले नाही. अवजारांच्या तासाला नांगराची ओढ शिकलो, अश्वशक्ती शिकलो, तासाला किती हेक्टर होते त्याचे गणित शिकलो. मूठ धरणारा हात त्या वहीत कुठेच नव्हता.

जगाला हे नवे नाही. १९१८ साली अॅलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाईंनी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात दगड घडवणाऱ्या कामगारांचे हात तपासले. हवेच्या दाबावरचे हातोडे चालवणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरीफटक आणि बधिर पडत होती. ब्रिटनच्या कोळसा खाणकामगारांनी याच दुखण्यासाठी १९९० च्या दशकात कोर्टात जाऊन भरपाई मिळवली. आपल्या उष्ण मुलखात बोटे सहसा पांढरी पडत नाहीत. मुंग्या, बधिरपणा आणि पकड सैल होणे एवढेच दिसते. म्हणून ते ओळखू येत नाही आणि मणक्यावर किंवा अशक्तपणावर ढकलले जाते.

युरोपात २००२ साली नियम झाला. हाताला बसणारा हादरा मीटर प्रति सेकंद वर्ग या मापात मोजतात. आठ तासांच्या हिशेबाने तो अडीचच्या पुढे गेला की मालकाने उपाय करायचे, पाचच्या पुढे कामगाराला राबवायचेच नाही. आता हिशेब करा. समजा, एखाद्या टिलरच्या मुठीवर दहाचा हादरा आहे. अडीचची मर्यादा अर्ध्या तासात गाठली जाते, पाचची दोन तासांत. हादरा दुप्पट झाला की चालवण्याचा वेळ निम्मा होत नाही, पाव होतो. आणि आपण किती तास चालवतो? पाऊस उघडून वाफसा आला की हातात तीन-चार दिवस असतात. पुन्हा पाऊस आला तर तण डोक्यावर जाते. त्या दिवसांत कोणी दोन तासांनी यंत्र थांबवत नाही. एकराच्या भावाने चालवणारा पोरगा तर आठ-दहा तास सोडतच नाही. त्याचे वर्षाचे उत्पन्न त्याच दिवसांत असते.

युरोपच्या २००६ च्या यंत्र-नियमाप्रमाणे हाताने चालवायच्या यंत्राच्या माहितीपुस्तकात हादऱ्याचा आकडा छापावा लागतो. तो अडीचच्या आत असेल तर तसे लिहावे लागते. एखाद्या कारखान्याला आपला टिलर तिकडच्या बागवाल्याला विकायचा असेल तर आकडा मोजून छापल्याशिवाय सुटका नाही. तोच टिलर वर्ध्याच्या किंवा परभणीच्या कास्तकाराला विकताना दुकानदार अश्वशक्ती सांगतो, लिटरला किती चालेल ते सांगतो, अनुदान किती ते तर सगळ्यात आधी सांगतो. आम्ही एका दुकानात हादऱ्याचे विचारले. उत्तर मिळाले, "साहेब, मुठीला फोम लावलेला आहे." त्या फोमने तळहाताला फोड येत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग. सेकंदाला पन्नास ठोक्यांचा हादरा फोमने अडत नाही, हातमोज्यानेही फारसा अडत नाही.

अनुदानाच्या यादीत यायचे तर यंत्राची चाचणी व्हावी लागते. मध्य प्रदेशात बुदनीला यासाठी १९५५ पासून केंद्र सरकारची संस्था आहे. पॉवर टिलरच्या चाचणीत निरनिराळ्या भागांचे कंपन मोजलेले असते, पण ते मायक्रॉनमध्ये, म्हणजे भाग किती हलला एवढेच. तेवढ्याच हलण्यात ठोक्यांचा वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट होतो. नुसत्या मायक्रॉनवरून, अमुक तास चालवा आणि पुढे थांबा, हे शेतकऱ्याला कसे कळावे? शिवाय अहवाल इंग्रजीत, जाडजूड, आणि दुकानात कोणी दाखवत नाही. सरकारचा पैसा यंत्राच्या किमतीत जातो, शेतकऱ्याचा हात मात्र कोणाच्याच हिशेबात नाही.

मळणीयंत्रात हात तुटू लागले तेव्हा १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. तुटलेला हात दिसतो म्हणून तो झाला. बधिर हात दिसत नाही. खाणकामगाराला निदान दावा लावायला मालक होता. आपल्या वावरात मालकही आपणच आणि राबणारेही आपणच. म्हणून दावा कारखानदारावर आणि यादी करणाऱ्यावर लावायला हवा. कोणी म्हणेल, संघटना आता नवा इन्स्पेक्टर मागते आहे. इन्स्पेक्टर आम्हाला नको. बांधावर येऊन शंभराची नोट घेऊन जाणारा आणखी एक माणूस कोणाला हवा आहे? आम्ही आकडा मागतो आहोत. मुठीवर किती हादरा बसतो आणि दिवसाला किती तास चालवावे, हे मराठीत, यंत्राच्या पाटीवर. आकडा नसेल त्या यंत्राला अनुदानाच्या यादीत जागा नको. दोन यंत्रांचे आकडे शेजारी दिसले की कोणते घ्यायचे ते शेतकरी स्वतः ठरवील, आणि कारखानदारही चांगले रबर बसवायला शिकेल.

तोवर हाताशी आहे ते करा. डाव्या-उजव्या बाजूची पाती सारखी झिजलेली आहेत का पाहा. एक वाकडे पाते असले तरी सगळे यंत्र नाचते. नटबोल्ट रोज आवळा. इंजिनाखालचे रबरी बुश चिरले असतील तर बदला, पण टायरचा तुकडा कापून ठोकू नका. कडक रबर काहीच अडवत नाही. रान सुकून दगड व्हायच्या आत, वाफशावर चालवा. दोघे मिळून आळीपाळीने अर्धा-अर्धा तास धरा. सोपे नाही, आम्हाला माहीत आहे. दुसरा माणूस मिळत नाही म्हणूनच तर यंत्र घेतले.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना एक कागद आणा. यंत्राचा कारखाना आणि मॉडेल, किती हंगाम चालवले, ऐन दिवसांत दिवसाला किती तास, आणि हाताला काय होते. बिलाची झेरॉक्स जोडा. यंत्र दुसऱ्याचे असले आणि चालवणारा पोरगा तुमच्या गावचा असला, तर त्याला सोबत घेऊन या. त्याचे एसटीचे भाडे बैठकीच्या खर्चातून देऊ. हे कागद एकत्र करून आम्ही जिल्हा कृषी अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवणार आहोत, आणि शेजारी एक टिलर चालू करून मूठ त्यांच्याच हातात देणार आहोत.