स्वस्त गोळी, महाग अंतर

कोकणात लाल विंचवाचा दंश हा केवळ विषबाधेचा नव्हे, हृदयाचा प्रश्न आहे. विषामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, वाढलेल्या दाबापुढे हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साठून रोगी दगावतो. एके काळी गंभीर रुग्णांपैकी शंभरांत तीस ते चाळीस असे जात. महाड तालुक्यात ग्रामीण वैद्यकसेवा करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या हृदयलक्षणांची नोंद १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन या साध्या गोळीने रक्तवाहिन्या सैल करून त्यांनी मृत्यूचे प्रमाण सुमारे १ टक्क्यावर आणले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

परंतु गोळीची किंमत आणि तिच्या उपलब्धतेची किंमत या दोन भिन्न गोष्टी आहेत. पालघर तालुक्यातील एडवणसारख्या किनाऱ्यावरील गावी मध्यरात्री दंश झाला, तर औषध स्वस्त आहे या ज्ञानाचा उपयोग काय? क्वचित लागणाऱ्या औषधाचा साठा राखण्यात दुकानदाराला नफा नसतो. जेथे बाजार पोहोचत नाही, तेथे शासनाने पोहोचले पाहिजे. २०१४ साली पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. मुख्यालय जवळ आल्याचे सार्थक इमारतींत नाही. आरोग्य केंद्रात रात्रीही गोळी आणि ती देणारा जाणता डॉक्टर असण्यात आहे.