कुत्र्याच्या डोळ्यात कुसळ

दिवाळी सरून माळावरचे गवत पिवळे पडले, म्हणजे कुसळांचे दिवस आले. आपल्या कपड्यांना लागलेली कुसळे आपण बसून वेचतो. कुत्रा मात्र गवतात तोंड खुपसून हुंगत फिरतो आणि एखादे कुसळ त्याच्या डोळ्यात शिरते. कुसळाचे टोक सुईसारखे असते आणि त्यावर मागे वळलेले बारीक केस असतात, म्हणून ते पुढे सरकते, मागे येत नाही.

सायंकाळी कुत्रा एकच डोळा मिटून बसला आहे, त्यातून सारखे पाणी गळते आहे, पंजाने तो डोळा चोळतो आहे, असे दिसले तर 'धूळ गेली असेल, उद्या पाहू' असे म्हणू नये. एकच डोळा एकाएकी मिटला तर बहुधा तिथे इजा झालेली असते. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला ओरखडा पडला आणि त्यात जंतू शिरले, तर एकदोन दिवसांतही जखम खोल जाऊन डोळा फुटण्याची वेळ येते.

डोळा पाहताना घरातल्या ज्या माणसाचे कुत्रा ऐकतो त्यानेच त्याला धरावे. दुखऱ्या डोळ्याला हात लागताच गरीब कुत्राही चावतो, म्हणून तोंडाला सुती पट्टी सैलसर बांधलेली बरी. (वागणे बदललेले, लाळ गळणारे, जबडा लोंबणारे कुत्रे असेल तर त्याच्या जवळही जाऊ नये, तिथे पिसाळल्याचा संशय धरावा.) उजेडात पापण्या हलकेच फाकवून पाहावे. कुसळ वरच तरंगत असेल तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवून त्या पाण्याने डोळा धुवावा. रुतलेले दिसले तर चिमट्याने ओढू नये. पुष्कळदा ते दिसतच नाही. नाकाकडच्या कोपऱ्यात कुत्र्याला तिसरी पापणी असते, तिच्यामागे ते दडते. डोळा दुखू लागला की ही पापणी वर सरकते आणि 'मांस वाढले' म्हणून ती कापणारेही भेटतात. तसे मुळीच करू देऊ नये. डोळा पुसण्याचे आणि अश्रूंचा बराचसा भाग तयार करण्याचे काम ती करते.

हळद, तुरटी, तूप, चावलेला पाला यांतले काहीही डोळ्यात घालू नये. त्याहून घातक म्हणजे फळीवर पडलेली माणसाच्या डोळ्याची जुनी बाटली. तिच्यावर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी नाव असेल, तर ते औषध लाली घालवते आणि डोळा बरा झाल्यासारखा वाटतो; परंतु आतली जखम भरून येत नाही, उलट चिघळते. पशुवैद्यक आधी डोळ्यात रंगाचा थेंब टाकतात. जखम असेल तिथे हिरवा डाग उमटतो आणि मगच कोणते औषध द्यायचे ते ठरते. ही परीक्षा काही मिनिटांत होते. तिच्याशिवाय औषध घालू नये.

चुना किंवा फवारणीचे औषध डोळ्यात उडाले, तर मात्र आधी जागच्या जागी निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, मग दवाखाना.

दोन्ही डोळे चिकट असतील तर दुखणे बहुधा अंगातले असते. पिल्लाच्या डोळ्यांतून व नाकातून पू येतो, ताप आहे, खात नाही, तर डिस्टेंपरची शंका घ्यावी. त्याची लस दीड-दोन महिन्यांच्या वयापासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते. गोचीड तापातही डोळा निळसर होतो, कधी आत रक्त दिसते. अशा वेळी थेंबांनी भागत नाही, तापाचेच औषध लागते. डोळा लाल, टणक आणि मोठा झाला असेल तर त्यात दाब वाढलेला असू शकतो. त्याच दिवशी उपचार न मिळाल्यास नजर जाते.

डोळा पांढरा दिसला की सगळेच 'मोतीबिंदू' म्हणतात. सात-आठ वर्षांपुढच्या कुत्र्याची दोन्ही बुबुळे आतून निळसर-धुरकट झाली, पण चालणे-फिरणे ठीक असेल, तर ते बहुधा वयाचे लक्षण आहे. त्याने नजर जात नाही. वरच्या पडद्यावर पांढरा ठिपका असेल तर ते फूल, म्हणजे जखमेची खूण. मोतीबिंदूत बाहुलीच्या आत दुधासारखे दिसते. नजर पाहायची तर कापसाचा बोळा त्याच्यासमोर सोडावा. कापसाचा आवाज होत नाही, त्यामुळे डोळस कुत्रा नजरेनेच त्याचा मागोवा घेतो.

नजर गेली तरी नाकाच्या आणि कानाच्या बळावर कुत्रा अंगणात वर्षानुवर्षे नीट वावरतो. त्याची पाण्याची थाळी, बसायची जागा आणि वाटेतले सामान मात्र हलवू नये, जवळ जाताना आधी हाक मारावी. विहिरीला कठडा नसेल तर काटेरी फांद्यांचे कुंपण त्याच दिवशी घालावे आणि मळ्यात नेताना त्याला दोरीनेच न्यावे.