जुनी बॅटरी व उगवणीची परीक्षा

आपल्या राजूर परिसरास सूर्यप्रकाशाची वाण नाही. सौर कृषिपंपास बॅटरी लागत नाही, कारण दिवसा उपसलेले पाणी हौदात साठविता येते. रात्रीच्या अभ्यासास लागणारा उजेड मात्र हौदात साठत नाही. वीज कंपनीच्या तारांशी जोडलेला साधा छतावरील संचही पुरवठा खंडित होताच आपोआप थांबतो. तारांवर काम करणाऱ्या मनुष्यास धक्का बसू नये म्हणून तशी योजनाच असते. सारांश, रात्रीच्या दिव्यासाठी बॅटरी पाहिजे. आणि नवी लिथियम बॅटरी सामान्य शेतकऱ्यास महाग पडते. म्हणून वाहनांतून काढलेल्या जुन्या बॅटऱ्यांकडे लोकांचे लक्ष वळले आहे.

याविषयी दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, जुनी वस्तू म्हणजे भंगार. कोणी म्हणतात, स्वस्त मिळाली एवढे पुरे. आमच्या मते दोन्ही पक्ष चुकतात. वाहनातील बॅटरीची शक्ती मूळच्या ७० ते ८० टक्क्यांवर आली की ती वाहनास अपुरी समजली जाते. परंतु घरातील चार दिवे व एक पंखा यांस ती पुष्कळदा पुरते. तेव्हा जुनी बॅटरी घेण्यात कमीपणा नाही. न पारखता घेण्यात मात्र धोका आहे.

विक्रेता मीटर लावून व्होल्ट दाखवितो आणि ग्राहक समाधान पावतो. पण गाळाने अर्धा भरलेला हौदही काठोकाठ भरलेला दिसतोच! लिथियम आयर्न फॉस्फेट जातीच्या सेलचा दाब सुमारे ३.२ व्होल्ट असतो व सेल बहुतेक रिकामा होईपर्यंत तो फारसा बदलत नाही. म्हणून केवळ व्होल्टवरून आत किती शक्ती उरली, हे कळत नाही.

मग कळावे कसे? आपला जालना जिल्हा बियाण्यांसाठी प्रसिद्ध आहे. घरचे सोयाबीन पेरण्यापूर्वी सुज्ञ शेतकरी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवतो, आणि ७० तरी उगवले तरच ते बियाणे पेरणीयोग्य मानतो. बॅटरीचीही अशीच परीक्षा घ्यावी. समजा, १२.८ व्होल्टच्या बॅटरीवर १०० अँपिअर-तास असे लिहिले आहे. ती पूर्ण भारित करून तिजवर १० अँपिअर, म्हणजे सुमारे १२८ वॉटचा, भार लावावा व घड्याळ पाहावे. कोणताही सेल २.५ व्होल्टपर्यंत उतरताच भार काढावा. ७ तास चालली तर तिच्यात ७० अँपिअर-तास उरले आहेत. मोल द्यावे ते या सत्तरांचे, छापील शंभरांचे नव्हे. पुन्हा भारित करून ती आठ दिवस तशीच ठेवावी. एखादा सेल इतरांहून स्पष्टपणे खाली उतरला, तर ती बॅटरी घेऊ नये.

फुगलेला, चेपलेला किंवा वास येणारा सेल परीक्षेसही पात्र नाही. लिथियम बॅटरीस आग लागल्यास विषारी वायू निघतात. यास्तव ही परीक्षा मोकळ्या जागी, कडब्यापासून व अंथरुणापासून दूर, जाणत्या मनुष्याच्या देखरेखीखालीच व्हावी. सेलचे रक्षण करणारे बी.एम.एस. नावाचे मंडल पैसे वाचविण्यासाठी कदापि वगळू नये. विद्यार्थिमित्रांनी हिशेब मांडावा, वेळ नोंदवावी. बॅटरी उघडण्याचे धाडस मात्र करू नये.

निकामी झालेली बॅटरी उकिरड्यावर टाकणे हाही अपराधच होय. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आपले कर्तव्य एवढेच, की ती योग्य संकलकाच्या हाती द्यावी.

पालकजनहो, जो विक्रेता परीक्षेस नकार देतो, त्याने आपले उत्तर दिलेच आहे, असे समजावे. शाळेत शिकविलेले व्होल्ट, अँपिअर व वॉट हे शब्द परीक्षेच्या कागदापुरते नाहीत. घरचा पैसा व घरची माणसे सुरक्षित राखण्यास ते उपयोगी पडले, तरच ती विद्या खरी.