ऑपरेशन ठरले म्हणून स्टिरॉइड बंद करू नका
संधिवातासाठी किंवा दम्यासाठी प्रेडनिसोलोन घेणाऱ्या अम्मी-अब्बांचे ऑपरेशन ठरले की घरात कुणीतरी म्हणते, "आता ही गोळी बंद करा." आम्ही सांगतो, परस्पर बंद करू नका. रोज 5 मिलिग्रॅम किंवा जास्त गोळी महिनाभर घेतली, तर मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींचे कॉर्टिसोल बनवण्याचे काम मंदावू शकते. ऑपरेशनच्या ताणात शरीराला ते जास्तच लागते. कमी पडले तर रक्तदाब एकदम घसरून जिवावर बेतू शकते. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना गोळीचे नाव, मात्रा आणि किती दिवस घेतली ते सांगा. गरजेप्रमाणे ते हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन देतात. त्या दिवशी उपाशीपोटी असताना सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची का, हेही आधीच विचारा. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या घेत असाल तर त्याही दाखवा. त्यांतही कधीकधी स्टिरॉइड मिसळलेले असते.