आधी आत कोण आहे ते पाहावे

गेल्या महिन्यात आमच्या मंडळाच्या दप्तरात असा एक प्रसंग घडला की, तो वाचकांपुढे मांडल्यावाचून राहवत नाही. बडोद्यातील आमच्या या लहानशा संस्थेची इतिवृत्ते, वर्गणीच्या पावत्या आणि सभासदांच्या घरांतून आलेली जुनी पत्रे आम्ही दोन वर्षे खपून संगणकात उतरविली आहेत. त्या दिवशी एक वृद्ध भगिनी आपल्या वडिलांची पत्रे घेऊन आल्या. नोंद करू जाता पडद्यावर उत्तर उमटले, ‘डेटाबेस लॉक्ड’. पुन्हा करून पाहिले, उत्तर तेच.

मंडळींत तर्कांना ऊत आला. एका उत्साही तरुणाने शोधून काढले की, मूळ फाइलशेजारी तिच्याच नावाची, शेवटी ‘जर्नल’ असे लिहिलेली एक फाइल दिसते आहे. ती पुसली की कुलूप निघेल! आमच्या कोषाध्यक्षांनी त्याचा हात धरला. “थांब बाळ, आधी ती कशाची आहे ते पाहू.”

हे थांबणे लाखमोलाचे ठरले. अशा अनेक प्रणालींच्या पोटात ‘एसक्यूलाइट’ हा डेटाबेस असतो. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली निर्माण केला. त्याची रीत पेढीवरील किर्दीसारखी आहे. वाचणारे अनेक असोत, लिहिणारा एका वेळी एकच. बदल करण्यापूर्वी मूळ पानाची नक्कल ‘जर्नल’मध्ये ठेवली जाते. लिहिता लिहिता वीज गेली, तर पुढच्या वेळी त्याच नकलेवरून जुनी नोंद पूर्ववत होते. म्हणजे ती फाइल हे कुलूप नव्हे. संकटकाळची ठेव होय. ती पुसली असती, तर सारे दप्तरच बिघडण्याची भीती होती.

मग कुलूप कोणाचे? शोध घेता उलगडा झाला. आदल्या सायंकाळी आमच्यापैकीच एकाने एका आडनावाचे शुद्धलेखन सुधारण्यासाठी तीच फाइल दुसऱ्या एका प्रोग्राममध्ये उघडली, दुरुस्ती केली आणि ती जतन न करताच तो घरी गेला. प्रोग्राम रात्रभर लेखणी हातात धरून बसला होता! दुरुस्ती जतन केली, खिडकी बंद केली आणि कुलूप आपोआप सुटले.

घरच्या कागदपत्रांसाठी अशी प्रणाली वापरणाऱ्या वाचकांनी एवढे ध्यानी धरावे. प्रथम थोडे थांबावे. एखादे मोठे काम चालू असेल. मग तीच फाइल आणखी कोणी उघडली आहे काय, ते पाहून ती रीतसर बंद करावी. कुलूप चालू प्रोग्रामचे असते. तो संपला की तेही संपते. म्हणूनच सर्व कामे जतन करून संगणक पुन्हा सुरू केल्याने बहुधा अडचण सुटते. डेटाबेस शक्यतो त्याच संगणकाच्या डिस्कवर ठेवावा. नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये कुलपांचा भरवसा नसतो. नक्कल काढावयाची ती प्रणाली बंद करून. आणि शेजारची ‘जर्नल’ किंवा ‘डब्ल्यूएएल’ नावाची फाइल हाताने कधीही पुसू नये.

दुपारी त्या भगिनींच्या वडिलांची पत्रे एकेक करून नोंदली गेली. शेवटचे पत्र पडद्यावर येताच त्यांनी चष्मा पुसला. दार लागलेले दिसले की आपण कडी तोडावयास धावतो; आत कोणी आहे काय, एवढे विचारावयाचे मात्र राहून जाते.